शटल आत की बाहेर?



आमच्या मतनासमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता पेन्शनर लोकांचा बॅडमिंटनचा हूग असतो. सगळ्यात लहान मेंबर चौसष्ट वर्षांचा, सगळ्यात मोठे एक्क्याऐंशीचे. खेळ कमी, गप्पा जास्त. कोणी घरून करंज्या आणतं, कोणी थर्मासमध्ये चहा. असं बरं चाललं होतं.

पेसाहच्या आधीच्या एका मंगळवारी डबल्सचा गेम 19-19 वर आला. शटल मागच्या रेषेपाशी पडलं. एक जण म्हणाले आत, समोरचे म्हणाले बाहेर. दोन मिनिटांत आवाज एवढे चढले की शेजारच्या खोलीतला चित्रकलेचा वर्ग बाहेर येऊन बघायला लागला. "म्हणजे मी खोटारडा?" असं एकानं विचारलं, दुसऱ्यांनी उत्तर दिलं नाही. पहिल्यांनी रॅकेट जमिनीवर टाकली आणि निघून गेले. हे दोघे एकमेकांचे साडू. दोन सख्ख्या बहिणी त्यांच्या घरात. चाळीस वर्षं एका टेबलावर सेदेरला बसणारी ही दोन घरं यंदा वेगवेगळी बसली. दोघांचीही नावं मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

मी नर्स होते, कोच नव्हते. बॅडमिंटन मी शिकले ते मुंबईला नर्सेस हॉस्टेलच्या अंगणात. दोरीला जुनी चादर बांधून नेट करायचो, आणि शटलला "फूल" म्हणायचो. आता रिटायर झाल्यापासून नातवाबरोबर टीव्हीवर मोठमोठे सामने बघते. त्यानं मला नियमही मोठ्या अक्षरात छापून दिले. त्या भांडणानंतर दोन्ही बाजूंचे लोक मला वाटेत थांबवून विचारतात, "तुम्ही तर बाकावर बसून पॉइंट लिहीत होता, तुम्हीच सांगा." म्हणून हा लेख.

आधी शटल आत कधी आणि बाहेर कधी, ते बघू. बॅडमिंटनचं कोर्ट 13.40 मीटर लांब आणि डबल्ससाठी 6.10 मीटर रुंद. रेषा 40 मिलिमीटर जाडीची, म्हणजे साधारण दोन बोटं. ही रेषा कोर्टाचाच भाग आहे. शटल रेषेला नुसतं टेकलं तरी आत. आमच्या हूगमध्ये निम्म्या लोकांना वाटतं की रेषेवर म्हणजे बाहेर. तसं नाही. शिवाय शटलचं वजन फक्त पाच ग्रॅमच्या आसपास, सोळा पिसं आणि खाली बूच. बूच आधी टेकतं, मग ते उडून किंवा घसरून थोडं पुढे जाऊन पडतं. बघायचं ते बूच पहिल्यांदा कुठे टेकलं ते. शटल नंतर कुठे पडून राहिलं याला काही अर्थ नाही. आपण मात्र वाकून तेच बघतो आणि त्यावरून वाद घालतो.

आता नर्स म्हणून दोन शब्द. आपल्या वयात बऱ्याच लोकांना दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा असतो. त्या काचेचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. मान न वाकवता नुसते डोळे खाली करून जमिनीकडे बघितलं की आपण त्या खालच्या भागातून बघतो, आणि दोन-तीन मीटरवरची रेषा पुसट दिसते, कधी जागेवरून सरकलेलीही दिसते. याच कारणानं लोक जिन्यावर पायरी चुकतात. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांना हॉलच्या दिव्यांचा चकाकता डाग रेषेवर दिसतो. त्यात खेळून नाडी वाढलेली. गेम 19-19 वर असला की शरीरात अड्रेनलिन वाहतं, आणि अशा वेळी माणसाची नजर आणि कान दोन्ही अरुंद होतात. ज्यावर लक्ष आहे तेवढंच दिसतं, आणि बरेचदा जे दिसावं असं वाटतं तेच दिसतं. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच आत दिसलेलं असतं. आणि समोरच्याला खरंच बाहेर दिसलेलं असतं.

जगातल्या उत्तम खेळाडूंचे डोळे तरुण, चष्मे नाहीत, तरी त्यांचंही असंच होतं. म्हणून मोठ्या सामन्यात रेषेवर वेगळे लाइन जज बसवतात. शटल बाहेर पडलं की ते दोन्ही हात आडवे पसरून मोठ्यानं "आउट" म्हणतात. आत पडलं तर काही बोलत नाहीत, उजव्या हातानं रेषेकडे बोट दाखवतात. आणि तिसरी खूण मला सगळ्यात आवडते. शटल कुठे पडलं ते दिसलंच नाही, मध्ये खेळाडूचा पाय आला किंवा काही झालं, तर लाइन जज दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे झाकतो. हजारो लोकांसमोर, टीव्हीवर, तो सांगतो की मला दिसलं नाही. त्याला कोणी हसत नाही. मग अंपायरनं पाहिलं असेल तर अंपायर ठरवतो. त्यालाही सांगता येत नसेल तर "लेट", म्हणजे तो पॉइंट झालाच नाही, परत खेळायचा. आता मोठ्या स्पर्धांमध्ये कॅमेऱ्याचीही मदत असते. खेळाडूला निकाल पटला नाही तर तो हात वर करून चॅलेंज करतो, पडद्यावर शटलचं चित्र येतं आणि वाद मिटतो. पण चॅलेंज दोनदा चुकलं की त्या सामन्यात पुन्हा मागता येत नाही. फुकट हट्ट करणाऱ्याला हा चांगला लगाम आहे.

रेषेचा वाद कॅमेरा मिटवतो. स्वभावाचा वाद कॅमेऱ्यानं मिटत नाही, त्यासाठी अंपायरच्या खिशात कार्डं असतात. पिवळं कार्ड म्हणजे ताकीद. लाल कार्ड म्हणजे फॉल्ट, समोरच्याला एक पॉइंट. काळं कार्ड रेफ्री दाखवतो, आणि ते मिळालं की खेळाडू स्पर्धेतूनच बाहेर. मुद्दाम वेळ काढणं, शटलची पिसं मोडणं, परवानगीशिवाय कोर्ट सोडून जाणं, अपमान होईल असं वागणं, या सगळ्याला कार्ड आहे. आमच्या रॅकेट टाकणाऱ्या साहेबांना नियमाप्रमाणे निदान पिवळं मिळालं असतं. समोरच्यांनाही, असं माझं मत.

पिवळ्या कार्डाचं एक गाजलेलं उदाहरण आपल्या सिंधूचं. ऑक्टोबर 2023 मध्ये डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात डेन्मार्क ओपनची सेमीफायनल होती, पी. व्ही. सिंधू विरुद्ध स्पेनची कॅरोलिना मरीन. मरीन प्रत्येक पॉइंटनंतर ओरडायची, हे सगळ्या जगाला माहीत आहे. सिंधूही त्या दिवशी मागे राहिली नाही. एक ओरडली की दुसरी त्याहून मोठ्यानं. मध्येच एकमेकींना बोलणं, तू तयार नाहीस, तू घाई करतेस, असं चाललं होतं. अंपायरनं दोघींना परत परत समज दिली, शेवटी दोघींनाही पिवळं कार्ड दाखवलं. मरीन 21-18, 19-21, 21-7 अशी जिंकली. तिसऱ्या गेममध्ये सिंधूचा राग तिच्याच खेळात उतरला, असं मला बघताना वाटलं. आमच्या घरी नातू सिंधूच्या बाजूनं ओरडत होता आणि मी त्याला गप्प करत होते.

पण याच दोघींचा 2016 सालचा रिओ ऑलिंपिकचा फायनल ज्यांनी पाहिला असेल त्यांना एक गोष्ट आठवेल. सिंधू पहिला गेम 21-19 जिंकली, मग मरीननं 21-12 आणि 21-15 असे दोन गेम घेतले. मरीन कोर्टावर आडवी होऊन रडायला लागली. सिंधू नुकतीच सोनं हरली होती, वय एकवीस. ती नेटच्या पलीकडे गेली, मरीनला मिठी मारली, आणि मरीनची जमिनीवर पडलेली रॅकेट उचलून नीट ठेवली. त्या वेळी कोणी तिला सांगितलं नव्हतं. त्याच दोन बायका सात वर्षांनी ओडेन्सला भांडल्या. म्हणून मला वाटतं, माणूस खिलाडू आहे की नाही हे एका दिवसावरून ठरवू नये. वॉर्डमध्ये मी पाहिलेलं आहे, रात्री तीन वाजता शिव्या देणारा पेशंट सकाळी नर्सच्या मुलांची चौकशी करतो. खरा कोणता? दोन्ही खरे.

भांडण सगळ्यात वाईट होतं ते अनोळखी माणसाशी नाही, ओळखीच्याशी. जुलै 2013 मध्ये कॅनडा ओपनच्या पुरुष डबल्सच्या फायनलमध्ये नेटच्या दोन बाजूंना दोन थाई खेळाडू होते, बोदिन इसारा आणि मनीपोंग जोंगजित. हे दोघे आधी जोडीदार होते. 2012 मध्ये दोघांनी मिळून इंडिया ओपन जिंकली होती, लंडन ऑलिंपिकही एकत्र खेळले होते. मग जोडी फुटली. फायनलमध्ये नेटवरून एकमेकांना डिवचणं चालू झालं. शेवटी बोदिन मनीपोंगच्या मागे धावला, शेजारच्या कोर्टावर त्याला गाठलं आणि मारलं. सामना तिथेच संपला. बोदिनला काळं कार्ड, विजेतेपद दुसऱ्या जोडीला. थायलंडच्या संघटनेनं बोदिनला दोन वर्षांची आणि मनीपोंगला तीन महिन्यांची बंदी घातली. मार खाणाऱ्यालाही बंदी कशी, असं नातवानं विचारलं. डिवचणंही गुन्ह्यात धरलं म्हणून. हे मला योग्य वाटतं. आपल्या घरांतही एक जण हात उचलतो आणि दुसरा शब्दांनी उचलायला लावतो, आणि आपण फक्त पहिल्याला नावं ठेवतो.

आरडाओरडा न करताही खिलाडूपणा सोडता येतो, आणि तो प्रकार मला जास्त वाईट वाटतो. लंडन ऑलिंपिक, 31 जुलै 2012, वेम्बली अरीना. महिला डबल्समध्ये पहिल्यांदाच गटवार सामने ठेवले होते. चीनची एक मजबूत जोडी आपल्या गटात दुसरी आली होती. पुढच्या फेरीत तिच्याशी, किंवा दुसऱ्या एखाद्या अवघड जोडीशी, गाठ पडू नये म्हणून चीन, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियाच्या दोन अशा चार जोड्या मुद्दाम हरायचा प्रयत्न करत होत्या. सर्व्हिस नेटमध्ये, सोपं शटल बाहेर. लोकांनी तिकीट काढलेलं, ते ओरडायला लागले. रेफ्रीनं काळं कार्ड दाखवलंही, मग मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी चारही जोड्यांना, म्हणजे आठ मुलींना, ऑलिंपिकमधून बाहेर काढलं. त्यात कोणाचंही भांडण नव्हतं, सगळं शांतपणे, हिशोबानं चाललं होतं.

त्या आठ जणींमध्ये इंडोनेशियाची ग्रेसिया पोली होती. तिनं खेळ सोडला नाही. नऊ वर्षांनी, ऑगस्ट 2021 मध्ये, टोकियोला अप्रियानी राहायूबरोबर तिनं महिला डबल्सचं सोनं जिंकलं. तेव्हा ती जवळजवळ चौतीस वर्षांची होती. हे मी आमच्या हूगमध्ये सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, "आपल्याला नऊ वर्षं कुठून आणायची?" खरंय.

आपल्या लोकांचाही एक जुना किस्सा आहे. 1947 च्या ऑल इंग्लंड स्पर्धेत भारताचे दोन खेळाडू, प्रकाश नाथ आणि देविंदर मोहन, क्वार्टर फायनलला एकमेकांसमोर आले. दोघे मित्र. आपापसात खेळून दमण्यापेक्षा त्यांनी नाणं उडवलं. प्रकाश नाथ टॉस जिंकले, पुढे फायनलपर्यंत गेले आणि स्वीडनच्या कॉनी येपसेनकडून हरले. हे खिलाडूपणात बसतं की लंडनच्या प्रकारात? नातू म्हणतो, दोन्ही एकच. मला तसं वाटत नाही, नाणं उडवताना दोघांनाही जिंकायचंच होतं. पण मी त्याला पूर्ण पटवूही शकले नाही.

प्रतिस्पर्ध्यांबद्दल लिहायचं तर मलेशियाचा ली चोंग वेई आणि चीनचा लिन दान यांना सोडून चालणार नाही. 2008 चं बीजिंग आणि 2012 चं लंडन, दोन्ही ऑलिंपिकच्या फायनलमध्ये ली लिनकडून हरला. लिन दान तरुणपणी काही शांत नव्हता. 2008 मध्ये कोरिया ओपनच्या फायनलला रेषेच्या निकालावरून चिडून तो कोरियाच्या कोचच्या अंगावर धावला होता. रिओला सेमीफायनलमध्ये दोघे परत समोरासमोर. ली 15-21, 21-11, 22-20 असा जिंकला. शेवटच्या गेमच्या 20-20 नंतर मी खोलीत उभी राहूनच बघितलं. सामना संपल्यावर दोघांनी अंगातले घामानं भिजलेले शर्ट काढून एकमेकांना दिले. ली फायनल हरला, सोनं त्याला कधीच मिळालं नाही. पण तो शर्ट त्याच्याकडे आहे, लिनचा.

नर्स म्हणून मला सगळ्यात जास्त लागलं ते मरीनचं. गुडघ्यात पुढच्या बाजूला एक आडवा-तिरका अस्थिबंध असतो, मांडीचं हाड आणि नडगी यांना धरून ठेवणारा. तो तुटला की बहुतेक खेळाडूंना ऑपरेशन लागतं आणि नंतर कित्येक महिने व्यायाम. जानेवारी 2019 मध्ये जाकार्ताला सायना नेहवालविरुद्ध फायनल खेळताना, 10-4 अशी पुढे असताना, मरीनचा उजवा गुडघा गेला. 2021 मध्ये डावा गेला, टोकियो हुकलं. दोन्ही वेळा ती परत उभी राहिली. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला सेमीफायनलमध्ये चीनच्या हे बिंगज्याओविरुद्ध पहिला गेम 21-14 जिंकून दुसऱ्यातही पुढे होती, आणि उडी मारून खाली येताना उजवा गुडघा दुसऱ्यांदा... मी टीव्हीसमोर मोठ्यानं "अरे देवा" म्हणाले. गुडघा कसा वळला ते बघूनच मला कळलं. तिनं पट्टा बांधून दोन पॉइंट खेळायचा प्रयत्न केला, मग कोर्टावर बसून रडली.

हे बिंगज्याओ न जिंकता फायनलला गेली. तिला आनंद करायचा की नाही हेच समजत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. फायनल ती कोरियाच्या आन से-यंगकडून हरली. आणि मेडल घ्यायला उभी राहिली तेव्हा रुपेरी मेडलबरोबर तिच्या हातात स्पेनच्या संघाचा छोटासा बिल्ला होता, सगळ्यांना दिसेल असा धरलेला. त्या जागेवर मरीन असू शकली असती, एवढंच तिला सांगायचं होतं.

आता परत आमच्या मतनासकडे. आमच्याकडे अंपायर नाही, कॅमेरा नाही. असं असताना क्लबमध्ये सगळीकडे चालणारी पद्धत सोपी आहे. आपल्या बाजूच्या रेषेचा निकाल आपणच द्यायचा, समोरच्यानं तो मानायचा. आणि आपल्याला नीट दिसलं नसेल तर तसं सांगायचं, लेट घ्यायचा. त्या दिवशी शटल ज्यांच्या बाजूला पडलं ते म्हणाले बाहेर. समोरच्यांना पटलं नाही. मग दोघेही बाकाकडे वळले आणि मला विचारलं.

इथे मला एक सांगायचं आहे, ते चार महिने सांगायचं राहिलं आहे. मी तेव्हा वहीत 19-19 लिहीत होते. माझी मान खाली होती. शटल पडलेलं मी पाहिलंच नाही. पण चाळीस वर्षं नोकरी केलेली, लोक "आखोत, आखोत" करून विचारतात, उत्तर द्यायची सवय लागलेली. मी म्हणाले, "बाहेर होतं." त्यानंतरच तो "खोटारडा" शब्द आला. ड्यूटीवर असताना मी कधी न बघितलेलं ब्लड प्रेशर चार्टवर लिहिलं नाही, आणि इथे मात्र लिहिलं. मला दोन्ही हातांनी डोळे झाकायला हवे होते.

म्हणून तो पॉइंट लेट आहे. गेम अजून 19-19 आहे, वही माझ्याकडे आहे. दोघांच्या घरी मी या आठवड्यात जाऊन हे तोंडानंही सांगणार आहे, आधी थोरल्या बहिणीकडे. रॅकेटही त्या रात्री मीच उचलून घरी आणली. मुठीची पट्टी सुटली होती, ती नातवाकडून नवी लावून घेतली. हूग मंगळवारी सहालाच असतो, वेळ बदललेली नाही.